दारातल्या तीन कुंड्या

आमच्या बागकाम मंडळात झाडांपेक्षा मतं जास्त वाढतात. दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या अंगणात आम्ही जमतो, एकमेकांच्या कुंड्यांत बोटं खुपसतो, ‘माती घट्ट झालीय हो’ असं तोंड पाडून सांगतो आणि मनातल्या मनात खूश होतो. मी जन्मभर शाळेत शिकवलं. पोरं परवडली, निदान आपापला बाक तरी ओळखायची. इथे झाडून सगळ्यांना पहिल्या रांगेत बसायचं असतं आणि प्रत्येकाला वाटतं, अध्यक्षपद आपल्यालाच मिळायला हवं होतं.

मागच्या रांगेत हौसेनं बसणारा एकच माणूस आम्हाला लाभला, तो म्हणजे घड्याळजी. त्यांना सगळं गाव याच नावानं हाक मारत असे, बायकोसुद्धा रागावली की हेच म्हणायची. बाजारात एका जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. लोक मोबाइलवर वेळ बघायला लागले तसं गिऱ्हाईक आटलं. मग त्यांनी ते टेबल उचलून घरी स्वैपाकघराच्या खिडकीपाशी नेलं आणि कुणी आजोबांचं जुनं घड्याळ घेऊन आलंच तर तिथं बसून दुरुस्त करायचे. बोटं अशी नाजूक की माझी सुई ओवायला द्यावी. आणि स्वच्छतेचं वेड! धूळ ही त्यांच्या धंद्याची वैरीण. घड्याळाच्या पोटात एक कण गेला तरी घड्याळ बंद पडतं, त्यामुळे माणसाचं आयुष्यही धुळीनंच बंद पडतं अशी त्यांची समजूत होती.

अशा माणसाला बायको मिळाली ती मातीत लोळणारी. वहिनी आमच्या मंडळाच्या जुन्या सभासद. खुरपं न वापरता हातानं माती उकरायच्या आणि तेच हात पदराला पुसून चहाचा कप उचलायच्या. घड्याळजी त्यांना न्यायला यायचे ते फाटकाच्या बाहेरच थांबायचे, जणू आत साथ आलीय. “आधी हात धू,” हे त्यांचं पहिलं वाक्य. “धुते हो, तुमच्या घड्याळात नाही घालत हात,” हे वहिनींचं उत्तर. दोघं असं भांडत भांडत घरी जायची. इतक्या वर्षांत त्या माणसानं फाटकाच्या आत पाऊल टाकल्याचं मला आठवत नाही.

मग एके दिवशी वहिनी झाडांना पाणी घालतानाच कोसळल्या. अर्धं अंग गेलं. मोठ्या दवाखान्यात कितीतरी दिवस होत्या आणि घड्याळजी त्यांच्या खाटेजवळच्या स्टुलावरून हलले नाहीत. लेक लांबच्या शहरातून येऊन जाऊन होती. ऐन उन्हाळा होता. घराला कुलूप. त्या सगळ्या गडबडीत बाल्कनीत वीसेक जीव तहानलेले उभे आहेत हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आमच्याही नाही, आणि आम्ही म्हणे झाडांवर जीव लावणारी माणसं.

वहिनींना घरी आणायच्या आदल्या दिवशी घड्याळजी साफसफाईला गेले आणि बाल्कनीचं दार उघडलं. सगळ्या झाडांचा पाचोळा झाला होता. त्यांनी ती झाडं स्वतःच्या हातांनी उपटली, पोत्यात भरली आणि जिन्यावरून खाली नेऊन टाकली. डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. आणि दुसऱ्या दिवशी वहिनींना स्ट्रेचरवरून घरात आणलं तर उंबऱ्यातच त्यांनी वाकड्या झालेल्या तोंडानं विचारलं, “झाडं?”

“छान आहेत,” घड्याळजी म्हणाले.

एवढं एकच खोटं बोलले बिचारे. पण खोट्याचं तुमच्या मनीप्लांटसारखं असतं, एक डहाळी पाण्यात टाकली की भिंतभर पसरतं.

त्या रविवारी ते पहिल्यांदा फाटकाच्या आत आले. आम्ही सगळे बघतच राहिलो. अध्यक्ष कलमांवर बोलत होते, त्यांचं संपेपर्यंत घड्याळजी मागच्या खुर्चीवर पाय जवळ घेऊन बसले. मग उभं राहून म्हणाले, “मला तीन कुंड्या हव्यात. उसन्या.” आणि मान खाली घालून सगळी हकिगत सांगितली. वहिनींची खाट अशी लावली होती की उशीवरून बाल्कनीच्या दाराची एक पट्टी दिसायची. त्या पट्टीत तीन कुंड्या मावत. एक नेचा, एक क्रोटन आणि एक मनीप्लांट, हे त्यांचे तिथले जुने मानकरी. बाकीची बाल्कनी कोपऱ्याआड होती. तिथं काय आहे आणि काय नाही, हे खाटेवरून कळायला मार्ग नव्हता.

आता आमचं मंडळ साधी खत आणायची गाडी ठरवायची तरी तीन बैठका घेतं. पण त्या दिवशी कुणी ‘विचार करू’ म्हटलं नाही. खतमावशी, म्हणजे आमच्या एक सभासद ज्यांच्या घरी गेलं की आधी वास आणि मग बाई भेटते, त्यांनी नेचा दिला. मी मनीप्लांट दिला. क्रोटन अध्यक्षांचा. तो त्यांच्या पोटच्या पोरासारखा, पण त्यांनीही दिला. मला त्यांचं कौतुक वाटलं, आणि असं मला फार क्वचित वाटतं.

त्या बाल्कनीत ऊन मात्र नावाला यायचं. वहिनींच्या हाताशिवाय कुठलंही झाड तिथं महिनाभरात रुसून बसे. म्हणून दर महिन्याला कुंड्या बदलायच्या असं ठरलं. वहिनींना डुलकी लागली की जुनी तीन बाहेर आणि त्याच जातीची नवी तीन आत. “आज नेचा वेगळा दिसतोय,” असं त्या म्हणाल्याच तर घड्याळजींचं उत्तर तयार असायचं, “कुंडी फिरवली, दुसरी बाजू दिसतेय.”

इथवर ठीक होतं. पण वहिनी नुसत्या बघून गप्प बसणाऱ्या नव्हत्या. रोज संध्याकाळी त्या कोपऱ्याआडच्या झाडांची चौकशी करायच्या, एकेकाची, नावानिशी. जास्वंदीला कळ्या आल्या का? अबोलीची पानं पिवळी पडायची थांबली का? घड्याळजींना अबोली आणि आंबाडी यातला फरक माहीत नव्हता. म्हणून ते आमच्या बैठकांना नेमानं यायला लागले. मागच्या रांगेत बसायचे आणि झाडांच्या बातम्या गोळा करायचे. “बाई, तुमच्या जास्वंदीचं काय चाललंय?” मी सांगायची, “कळ्या धरतात आणि गळून पडतात.” की झालं, त्या संध्याकाळी घड्याळजींच्या घरची नसलेली जास्वंदही कळ्या गाळायला लागायची. वहिनी खाटेवरून त्यावर उपाय सांगायच्या आणि पुढच्या रविवारी तो उपाय माझ्यापर्यंत यायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हे, फरक एवढाच की शेळ्या आमच्या होत्या. त्यांच्या सल्ल्यानं माझी जास्वंद सुधारली आणि एक शेवंती कायमची गेली. मी घड्याळजींना दोन्ही सांगितलं. त्यांनी वहिनींना फक्त पहिलं सांगितलं.

एकदा मी समाचाराला म्हणून गेले तर दार लोटलेलं होतं आणि आतून घड्याळजींचा आवाज येत होता. मी बाहेरच थबकले. ते बैठकीचा वृत्तान्त सांगत होते. अध्यक्ष बोलताना घसा कसा खाकरतात, खतमावशींशेजारची खुर्ची कशी रिकामी राहते, आणि, देवा, मी मधेच कशी “विषयाला धरून बोला” म्हणते, त्याची हुबेहूब नक्कल चालली होती. वहिनी हसत होत्या. त्यांचं हसू तोंडाच्या एकाच बाजूनं यायचं, त्यामुळे ते अर्धवट ऐकू आल्यासारखं वाटे, पण हसत होत्या. जन्मभर ‘हात धू’ यापलीकडे फारसं न बोललेला हा माणूस खाटेच्या कडेला बसून एखाद्या नाटकवाल्यासारखा रंगला होता. मी न ठोठावताच परत आले. दोघांच्या संसारात इतकं बोलणं बहुधा पहिल्यांदाच होत असावं.

पण त्याची किंमत काय पडत होती, ते त्यांनी मला एकदा फाटकापाशी सांगितलं.

“बाई, रोज सकाळी उठलो की आधी आठवावं लागतं, काल काय सांगितलंय. जास्वंदीला कळ्या किती म्हणालो होतो? कुठल्या कुंडीत मुंग्या झाल्या म्हणालो होतो? घड्याळात एक दात चुकला तर सगळं चुकत जातं. हे तसंच आहे. फक्त इथे उघडून बघायची सोय नाही.”

“मग सांगून टाका,” मी म्हटलं. “हळूच, एकेक झाड गेल्याचं सांगा. आज अबोली, महिन्याभरानं दुसरं.”

“सांगून बघितलं. अबोली सुकली म्हणालो, तर दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, फुटवा आलाय.” ते कसंनुसं हसले. “आता ती अबोली मला मारतासुद्धा येत नाही.”

धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली होती. मला त्यांची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की मी चहा पाजते, तसा पाजला.

क्रोटनचं प्रकरण याच सुमाराचं. तेव्हा दारात अध्यक्षांचा खास क्रोटन होता. उंच, भरगच्च, पानापानावर वेगळा रंग. दोन प्रदर्शनांत बक्षीस मिळवलेला. वहिनींनी दोन दिवस त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि फर्मावलं, “फार माजलाय. अर्ध्यातून छाटा.”

“राहू दे की गं. चांगला दिसतोय.”

“अहो, खालून उघडा पडलाय. तुम्हाला काय कळतंय? छाटा, माझ्यासमोर छाटा.”

घड्याळजी कात्री शोधायचं निमित्त करून स्वैपाकघरात गेले. तिथून त्यांनी मला फोन केला. आवाज इतका दबका की मला वाटलं चोर शिरलाय. “बाई, काय करू? अध्यक्षांना विचारू का?” मी म्हटलं, “विचारलंत तर ते रुग्णवाहिकेतून येतील.” तेवढ्यात आतून वहिनींची हाक आली, “कात्री सापडत नाही का? माझ्या पिशवीत आहे बघा, हिरव्या.” मग फोन बंद झाला.

त्यांनी छाटला. ज्या हातांनी केसापेक्षा बारीक स्प्रिंगा बसवल्या त्या हातांनी दुसऱ्याचं बक्षिसाचं झाड अर्ध्यातून तोडलं आणि वर बायकोचे बोल ऐकले, “सरळ नाही, तिरका कापा. तिरका!” पुढच्या रविवारी अध्यक्षांनी ते ठोंब बघितलं आणि बराच वेळ त्यांनी घसासुद्धा खाकरला नाही. मग म्हणाले, “फुटेल.” आणि वळून कलमांवर बोलायला लागले. तो क्रोटन पुढे खरंच फुटला, खालपासून डवरला. पण त्याचं श्रेय वहिनींना द्यायला अध्यक्ष अजून तयार नाहीत.

असं वर्ष गेलं. वहिनींना व्यायाम द्यायला एक मुलगी यायची, हसरी आणि कडक. वहिनी आधी बसायला लागल्या, मग धरून उभ्या राहायला लागल्या, मग लोखंडी चौकटीचा आधार घेऊन खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकायला लागल्या. दर पावलाला घाम फुटायचा, शिव्या यायच्या, पण पाय उचलायच्या. डॉक्टरांनी एवढी आशा धरली नव्हती. आणि एका सकाळी त्या मुलीनं घड्याळजींना मोठ्या आनंदानं सांगितलं, “काका, पुढच्या आठवड्यात आपण बाल्कनीत जायचं. काकूंनीच ठरवलंय. म्हणतात, आधी माझ्या झाडांना भेटणार.”

तिला वाटलं काकांना आनंदाचं रडू आलं.

त्या रविवारी घड्याळजी आले ते मागच्या रांगेत बसलेच नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाले, “ती बरी होतेय, आणि मी मनात म्हणतो, अजून थोडे दिवस राहू दे अशीच. काय माणूस झालोय मी?” असं वाक्य ऐकल्यावर काय बोलायचं असतं ते आम्हाला कुठल्याच बागकामाच्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

मी म्हटलं, “आता खरं सांगायला हवं.”

“तुम्ही सांगा, बाई,” ते लगेच म्हणाले. “मी पाया पडतो. तुम्ही सांगा.”

मी शाळेत कितीएक पोरांच्या आईबापांना तोंडावर सांगितलंय की तुमचं पोर नापास आहे. पण त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही. कुणाचीच उचलली नाही. अध्यक्षांनी आमची त्यातून सुटका केली. ते म्हणाले, “वीस कुंड्या म्हणजे काय मोठी गोष्ट? आपण बाल्कनी भरून देऊ.” सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. घड्याळजींनी वहिनींची झाडं तोंडपाठ सांगितली, रोजच्या चौकशीनं ती त्यांना पाढ्यांसारखी झाली होती. कुणी काय आणायचं ते वाटून दिलं. अध्यक्षांनी दोनदोनदा बजावलं, “साधी झाडं आणा. एका घड्याळजीनं वर्षभर सांभाळलेली दिसली पाहिजेत.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

वहिनींना तपासणीसाठी दवाखान्यात नेलं त्या दुपारी आम्ही बाल्कनी भरली.

आता सांगते, माणूस बायकोला फसवेल, डॉक्टरला फसवेल, पण बागकाम करणारा आपलं सुमार झाड चारचौघांत ठेवणार नाही. खतमावशींनी जी अबोली आणली ती फुलांनी इतकी लगडलेली की पान दिसत नव्हतं. “घरात हीच होती,” म्हणाल्या. धादांत खोटं. दुसऱ्या एकानं गुलाब आणला, तळहाताएवढ्या फुलांचा. आदल्या दिवशी पानं पुसून चकचकीत केलेली. कुंड्यांना ताजा गेरू. अध्यक्षांनी तर स्वतः ठरवलेला नियम मोडून तोच क्रोटन आणला, कारण तो आता पुन्हा बक्षिसाला लायक झाला होता. मी तरी काय वेगळं केलं? माझी सगळ्यात बहरलेली जास्वंद मी रिक्षातून मांडीवर घेऊन आणली. सगळं लावून झाल्यावर आम्ही मागे सरून बघितलं. बाल्कनी कसली, प्रदर्शनाचा मांडव दिसत होता. आम्हाला अभिमान वाटला. घड्याळजींना त्यातलं काही कळत नव्हतं. ते दारात उभे राहून हात जोडून सगळ्यांचे आभार मानत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. “तुम्ही असलात तर बरं,” एवढंच म्हणाले. व्यायामाची मुलगी एका बाजूला आणि घड्याळजी दुसऱ्या बाजूला. मी भिंतीला चिकटून. वहिनींनी केस विंचरून घेतले होते. चौकट पुढे सरकवायची, एक पाय उचलायचा, दुसरा ओढायचा, थांबायचं. खाटेपासून दारापर्यंत यायला त्यांना इतका वेळ लागला की मला माझ्या धडधाकट पायांची लाज वाटली. दारातल्या तीन कुंड्यांपाशी त्या थांबल्या आणि मनीप्लांटचं पान दोन बोटांत धरून बघितलं. मग उंबरा ओलांडला आणि कोपऱ्यावरून वळल्या.

त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. व्यायामाची मुलगी म्हणाली, “काकू, केवढी सुंदर!”

“गुलाब,” वहिनी म्हणाल्या. “या बाल्कनीत गुलाब कधी फुलला नाही. ऊनच येत नाही इथे.”

मी आयुष्यात पहिल्यांदाच एका जास्वंदीचा इतका दुस्वास केला. वहिनींनी अबोलीच्या मातीत चांगल्या हाताचं बोट घातलं, ते नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, “हे खतमावशींचं खत आहे.” मग चौकट नवऱ्याकडे वळवली. “माझी झाडं कुठायत?”

घड्याळजींनी वर्षभरात हजार बातम्या रचल्या होत्या. त्या क्षणी त्यांना एकही सुचली नाही.

“गेली,” ते म्हणाले.

“कधी?”

“तू दवाखान्यात होतीस तेव्हा. पाणी द्यायचं राहिलं.”

“सगळी?”

“सगळी.”

त्या मुलीनं पटकन वहिनींच्या मागे खुर्ची सरकवली. बसल्यावर त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. वाकड्या तोंडातून एकेक शब्द नीट काढत म्हणाल्या, “मी रोज पाय उचलत होते तो कशासाठी, असं वाटलं तुम्हाला? इथवर पोचायचं म्हणून. आता चालून कुठे जायचं मी?”

“मला त्या दिवसांत दुसरं काही आठवलंच नाही गं,” घड्याळजी म्हणाले. “तू तिथे अशी पडलेली. झाडं आहेत हेसुद्धा आठवलं नाही.”

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या मऊ होतील. कुणीही झालं असतं.

“हे असं बोलता,” त्या म्हणाल्या, “मग मी रागवायचं तरी कुणावर? तेवढीसुद्धा सोय ठेवली नाहीत.”

मी तिथून निघाले. असं म्हणतात की ज्याचं जळतं त्याला कळतं. मला त्या दोघांचंही कळत होतं आणि त्याचा कुणालाही काडीचा उपयोग नव्हता.

दोन दिवसांनी आम्ही कुंड्या परत न्यायला गेलो. वहिनींचा तसा निरोपच होता, दारातल्या तिन्हीसकट सगळ्या न्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. खतमावशी तेवढ्या खाटेजवळ गेल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, नवी रोपं देते मी. पुन्हा लावू.” वहिनी म्हणाल्या, “बघू,” आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचं चालणं थांबलं नाही. व्यायामाच्या मुलीला त्या नाही म्हणत नव्हत्या. खाटेपासून स्वैपाकघरापर्यंत, स्वैपाकघरापासून खाटेपर्यंत जायच्या, शिव्या न देता. बाल्कनीचं दार मात्र त्यांनी लावून घ्यायला सांगितलं.

पुढच्या रविवारी मागच्या रांगेतली खुर्ची रिकामी राहिली. त्याच्या पुढच्या रविवारीही. अध्यक्षांचं कलमांवरचं बोलणं ऐकताना मला पहिल्यांदाच जाणवलं की इतके दिवस ते मला सुसह्य का होतं. मागे बसून कुणीतरी ते घरी नेण्यासाठी ऐकत होतं. तिसऱ्या खेपेला बैठकीआधी मीच त्यांच्या घरी गेले. घड्याळजींनी दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात घरचाच सदरा.

“चला,” मी म्हटलं. “अध्यक्षांना टोकायला मी एकटी पुरत नाही.”

त्यांनी चपलांकडे बघितलं. चेहऱ्यावर असं काही आलं की मला कळलं, या माणसाला यायचंय. आठवडाभर ते एक टेबल, ती एक खाट आणि बंद दार. त्यातून बाहेर पडायला त्याला ही एवढीच वाट होती.

“कोण आलंय?” आतून वहिनींनी विचारलं.

“मंडळातल्या बाई आल्यात.” खोटं बोलायची त्यांना आता चोरी होती. “बैठकीला बोलवायला आल्यात.”

“तुम्हाला जायचंय?”

“हो,” घड्याळजी म्हणाले. “जायचंय.”

आम्ही दोघं दारात शाळा चुकवणाऱ्या पोरांसारखी उभी.

“मग जा,” वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “शेजारीण बसेल माझ्यापाशी. फक्त आल्यावर मला काही सांगू नका.”

घड्याळजींनी एका पायात चप्पल सरकवली होती. ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी ती काढली आणि पायानंच दुसरीच्या शेजारी नीट लावून ठेवली.

“तुम्ही व्हा पुढे, बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “तिला सांगायचंच नाही तर तिथे येऊन मी काय ऐकू?”